शिष्यवृत्ती परीक्षा आणि गिरणगावातील शिकवणी : एक ऐतिहासिक अवलोकन

1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी सरकारी शिष्यवृत्त्यांबाबत एक आक्षेप नोंदविला होता. स्पर्धेने शिष्यवृत्ती देण्याची पद्धत तत्त्वतः न्याय्य दिसत असली, तरी ज्या वर्गांत शिक्षणाची गोडी आधीच रुजली आहे त्यांनाच तिचा लाभ मिळतो. म्हणून काही शिष्यवृत्त्या शिक्षणात मागे राहिलेल्या वर्गांना द्याव्यात, असे त्यांचे प्रतिपादन होते. या निवेदनातील प्राथमिक शिक्षणविषयक भाग वारंवार उद्धृत होतो. शिष्यवृत्तीविषयक मजकूर मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे. दक्षिण व मध्य मुंबईतील शाळकरी मुलांच्या परीक्षा-तयारीचा विचार करताना तोच अधिक उपयोगी ठरतो.

गिरगाव व दादर येथील पांढरपेशा वस्तीत परीक्षेची तयारी हा मुख्यतः घरगुती व्यवहार होता. वडील कचेरीत कारकून, घरात एखादा शिकलेला काका किंवा मोठी बहीण, आणि शेजारी शिकवणी घेणारे मास्तर, अशी व्यवस्था मुलाला आपोआप लाभत असे. परळ-लालबागच्या चाळींत परिस्थिती वेगळी होती. एका खोलीत एकाहून अधिक कुटुंबे वा गावाकडील गाळेकरी राहत. गिरणीच्या पाळ्यांमुळे खोलीत कोणी ना कोणी दिवसाही झोपलेले असे. मुलाने वाचायचे कोठे, हाच पहिला प्रश्न होता.

याचे सर्वपरिचित उदाहरण परळचेच आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी भीमराव आंबेडकर हे परळच्या चाळीतील एका खोलीत राहून एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत होते. घर निजले की त्यांचा अभ्यास सुरू होई आणि त्यासाठी वडील त्यांना मध्यरात्रीनंतर उठवीत. 1907 साली ते मॅट्रिक झाले. पुढील शिक्षणासाठी त्यांना मिळालेली बडोदे संस्थानची दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मात्र गुणानुक्रमाच्या यादीतून आलेली नव्हती. शिक्षक व ग्रंथकार कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला, म्हणून ती मिळाली. फुले यांनी सुचविलेल्या मार्गाशी तिचे नाते स्पर्धेपेक्षा अधिक जवळचे आहे.

संस्थात्मक प्रयत्न पुढे झाले. ना. म. जोशी यांनी 1911 साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी रात्रशाळा व वाचनालये चालविली. 1925 साली मुंबई महापालिकेने सक्तीचे प्राथमिक शिक्षण प्रथम एफ व जी या वॉर्डांत लागू केले; गिरणी विभागाचा मोठा भाग त्यांत मोडत होता. सक्तीमुळे मूल शाळेत आले, पण स्पर्धेत उतरण्यासाठी लागणारी घरची पुरवणी सक्तीने मिळणारी नव्हती.

1954-55 पासून सुरू झालेल्या आणि पुढे चौथी व सातवीच्या वर्गांत स्थिरावलेल्या शिष्यवृत्ती परीक्षेने ही उणीव उघड केली. ती भरून काढण्याचे काम गिरणगावात तीन ठिकाणी झाले : शाळेचे जादा तास, मंडळाची खोली आणि चाळीची गॅलरी. गणेशोत्सवाचे दहा दिवस सरले की मंडळाच्या खोलीत सतरंजी अंथरली जाई आणि कॉलेजात जाणारा चाळीतलाच एखादा मुलगा लहानांचा अभ्यास घेई. त्याला कोणी शिकवणी म्हणत नसे व पैसेही घेत नसे. महापालिका शाळांतील शिक्षकांपैकी कित्येक जण याच वस्तीतील होते. कवी नारायण सुर्वे हे शाळेत शिपाई होते, सातवीची परीक्षा देऊन ते महापालिकेचे शिक्षक झाले. परीक्षा म्हणजे काय हे अशा शिक्षकाला वेगळे सांगावे लागत नव्हते.

परीक्षेचे विषय भाषा, गणित व बुद्धिमत्ता चाचणी असे होते. यांपैकी बुद्धिमत्ता चाचणीकडून घरच्या संस्कारांपलीकडील उपजत कुवत जोखली जाण्याची अपेक्षा होती. प्रत्यक्षात सरावाने सर्वांत लवकर साधणारा विषय तोच ठरला. सांकेतिक भाषा, आरशातील प्रतिमा, नातेसंबंध, दिनदर्शिका यांचे ठरावीक साचे सरावपुस्तकांतून घोटून घेता येत. त्यामुळे मंडळाच्या खोलीतही तो शिकविता येई. भाषेचे तसे नव्हते. मालवणी किंवा सातारी बोली घेऊन आलेल्या मुलाला समानार्थी शब्द व म्हणींच्या प्रश्नांत प्रमाण मराठीशी झगडावे लागे. गिरगावच्या मुलाला हे प्रश्न अभ्यासाचे वाटतही नसत. गुणांतील अंतर बुद्धीचे मानले गेले, ते पुष्कळ अंशी बोलीचे होते.

18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने ही सामूहिक व्यवस्था मोडली. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले होते. अनेक कुटुंबे गावी परतली आणि मोठी मुले मिळेल त्या कामाला लागली. अभ्यास घेणारा मुलगाच चाळीत उरला नाही. पुढील दोन दशकांत दादर परिसरातील खाजगी वर्गांचा विस्तार झाला, पण त्यांचे शुल्क होते.

परीक्षेचे वर्गही बदलत गेले. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक टप्पा पाचवीपर्यंत व उच्च प्राथमिक टप्पा आठवीपर्यंत ठरविल्याने शासनाने 2015 मध्ये परीक्षा पाचवी व आठवीला नेण्याचे ठरविले. 2017 मध्ये ती त्या वर्गांसाठी झाली. महापालिकेच्या बहुतेक प्राथमिक शाळा सातवीला संपत असत, त्यामुळे तयारी एका शाळेने करावी आणि परीक्षा दुसऱ्या शाळेतून द्यावी, असा प्रकार उद्भवला. 2025 मध्ये शासनाने पुन्हा चौथी व सातवीकडे वळण्याचा निर्णय घेतला.

फुले यांचा आक्षेप या विभागापुरता तपासण्याचे साधन शाळांतच आहे. अनेक जुन्या शाळांच्या भिंतींवर शिष्यवृत्तीधारकांची नावे वर्षवार रंगविलेले फलक असतात, आणि जनरल रजिस्टरमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याची जात व जन्मस्थळ नोंदविलेले असते. ही दोन्ही साधने एकमेकांशी ताडून पाहिली, तर त्या शिष्यवृत्त्या कोणाच्या घरी गेल्या ते नावानिशी कळू शकते. मराठी शाळा बंद पडत आहेत किंवा एकमेकींत विलीन होत आहेत. इमारत रिकामी करताना रजिस्टर दुसऱ्या शाळेच्या कपाटात जाते, फलक मात्र भिंतीबरोबर उतरतो.