तो स्फोट नेमका किती लांब होता?

१९६३ साली अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांच्यात अणुचाचणीबंदीचा करार झाला. पण दुसऱ्याच्या शब्दावर कोण विश्वास ठेवतो? अमेरिकेने ‘वेला’ नावाचे उपग्रह पहाऱ्याला ठेवले. कुणी अवकाशात चोरून अणुस्फोट केला तर गॅमा किरणांवरून तो पकडायचा. २ जुलै १९६७ रोजी या उपग्रहांनी गॅमा किरणांचा एक लखलखाट टिपला. तो बॉम्बचा नव्हता. क्लेबेसाडेल, स्ट्राँग आणि ओल्सन यांनी अशा १६ घटना १९७३ मध्ये जाहीर केल्या. शेजाऱ्यावर नजर ठेवायला बसवलेल्या पहारेकऱ्याला विश्वाचा असा धागा सापडावा, याची मला आजही गंमत वाटते.

पण हे स्फोट होतात कुठे? अंधारात दिसणारा दिवा जवळची पणती आहे की लांबचा सर्चलाइट, हे अंतर कळल्याशिवाय सांगता येत नाही. अंतर दहापट धरले की ऊर्जा शंभरपट निघते. त्यामुळे अंतराचा प्रश्न सुटेपर्यंत ऊर्जेबद्दल बोलणे म्हणजे नुसता अंदाज होता.

१९९१ साली कॉम्प्टन वेधशाळा अवकाशात गेली. तिने दाखवले की हे स्फोट आकाशात सगळीकडे सारखेच विखुरलेले आहेत, आकाशगंगेच्या पट्ट्यात दाटलेले नाहीत. तरी वाद मिटला नाही. एप्रिल १९९५ मध्ये वॉशिंग्टनला जाहीर सामना झाला. पोलंडचे बोहदान पाचिन्स्की म्हणत होते, स्फोट अब्जावधी प्रकाशवर्षे दूर आहेत. डोनाल्ड लॅम्ब म्हणत होते, ते आपल्याच आकाशगंगेच्या बाह्य प्रभामंडळातले आहेत. दोघेही जाणते, पण पुरावा कुणाकडेच पुरेसा नव्हता. स्फोटाची जागाच अंशा-अंशांनी चुकायची. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा असतो, यावरून कल्पना करा.

इटली-हॉलंडच्या ‘बेप्पोसॅक्स’ उपग्रहाने ही अडचण सोडवली. स्फोटानंतर मागे राहणारी क्ष-किरणांची धग तो टिपू लागला, आणि काही तासांत नेमकी जागा कळू लागली. ८ मे १९९७ च्या स्फोटानंतर तीनच दिवसांनी हवाईतल्या केक दुर्बिणीने त्या विझत्या उजेडाचा वर्णपट घेतला. त्यात लोह आणि मॅग्नेशियम यांच्या काळ्या रेषा होत्या, पण जागेवरून सरकलेल्या. विश्वाच्या प्रसरणामुळे लहरी १.८३५ पट ताणल्या गेल्या होत्या. मॅग्नेशियमची अतिनील रेषा थेट हिरव्या रंगात आली होती! त्या रेषा वाटेतल्या वायूच्याही असू शकतात, म्हणून स्फोट किमान तितका लांब, कमी नाही. म्हणजे तो प्रकाश सुमारे ७ अब्ज वर्षे प्रवास करत होता. पाचिन्स्की बरोबर ठरले. या शोधनिबंधाच्या लेखकांत श्रीनिवास कुलकर्णी होते, जन्म आपल्या कुरुंदवाडचा.

मग ऊर्जेचा हिशेब मांडला, आणि नवेच संकट उभे राहिले. २३ जानेवारी १९९९ च्या स्फोटाची ऊर्जा सगळ्या दिशांना सारखी फेकली गेली असे धरले, तर ती अख्ख्या सूर्याचे वस्तुमान ऊर्जेत बदलल्यावर मिळेल त्याहूनही जास्त निघत होती. एका ताऱ्याला हे कसे झेपणार? उत्तर त्या उजेडाच्या मावळण्यातच होते. सुमारे दोन दिवसांनी तो अचानक वेगाने मंदावू लागला. अरुंद झोत असला तरच असे होते. बॅटरीचा झोत नेमका आपल्या डोळ्यांवर पडला होता आणि आपण साऱ्या खोलीत तितकाच उजेड समजत होतो. २००१ मध्ये डेल फ्रेल, कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक स्फोटांच्या झोतांची रुंदी काढून हिशेब दुरुस्त केला. ऊर्जा शेकडो पटींनी खाली आली आणि बऱ्याचशा स्फोटांची जवळपास सारखीच निघाली, साधारण एका सुपरनोव्हाइतकी.