आवाज फाटतो, म्हणजे काय?

गेल्या श्रावणात आमच्या वाचनालयात भजनी मंडळाचे ध्वनिमुद्रण होते. चार माइक, एक मिक्सर, टेबलावर उघडलेला लॅपटॉप. साउंडवाल्या मुलाने हेडफोन लावला, पखवाजावर पहिली थाप पडली आणि तो म्हणाला, "काका, आवाज फाटतोय. मिक्सरची लाइन माइकच्या सॉकेटमध्ये गेलीय." त्याने वायर उपसली, एका छोट्या यूएसबी डबीत खोचली, गेन जरा खाली घेतला. पखवाज स्वच्छ वाजू लागला. त्याचे काम संपले, पण 'फाटतोय' हा शब्द माझ्या मनात अडकून राहिला. फाटायला आवाज काय कापड आहे?

शोध माइकपासूनच सुरू करावा. ग्रीक 'मिक्रोस' म्हणजे लहान आणि 'फोने' म्हणजे वाणी. हे नाव यंत्राच्या कितीतरी आधी जन्मले. आयर्लंडमधल्या नार्सिसस मार्श या धर्मपंडिताने १६८३ च्या सुमारास ते सूक्ष्मदर्शकाच्या धर्तीवर घडवले: डोळ्याला जसे ते, तसे कानाला हे, बारीक आवाज मोठा करून देणारे. १८७८ मध्ये डेव्हिड ह्यूजने कार्बनचा मायक्रोफोन दाखवला, तेव्हा नाव तयारच होते. म्हणजे मूळ अर्थ पाहिला तर आपला 'ध्वनिवर्धक' हा शब्द मार्शच्या कल्पनेच्या अगदी जवळ जातो.

आपण मात्र 'ध्वनिक्षेपक'ही वापरतो, कधी माइकला, कधी कर्ण्याला. क्षेपक म्हणजे फेकणारा. माइक तर झेलणारा. तरी हा घोटाळा अगदीच अस्थानी नाही. साध्या डायनॅमिक माइकमध्ये चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे हलते, आणि स्पीकरमध्येही तेच. आवाज आत आला की वीज निघते, वीज आत गेली की आवाज निघतो. झेलणारा आणि फेकणारा मुळात एकच.

'फोने'चे मूळ 'बोलणे' या अर्थाच्या एका प्राचीन धातूत आहे. संस्कृतातले 'भन्' आणि 'भण्' त्याच कुळातले असावेत. आणि 'भण्'मधून निघाले आपले 'म्हणणे'. पुढच्या अनुनासिकाने 'भ'ला ओढून 'म्ह' केले असे दिसते. लीळाचरित्रात पानोपानी भेटणारे 'म्हणीतलें' आणि शिवरायांवर काव्य रचणाऱ्या भूषण कवीच्या मुद्रेतले 'भनत' ही सख्खी भावंडे ठरावीत. त्या हिशेबाने मायक्रोफोन म्हणजे 'बारीक म्हणणे'.

मिक्सर तर घरचाच निघतो. स्वयंपाकघरात तो चटणी वाटतो, मांडवात आवाज एकत्र करतो. लॅटिन 'मिस्केरे' आणि संस्कृत 'मिश्र' एकाच मुळाचे. 'मिश्र'चे प्राकृतात 'मिस्स', आणि त्याच वळणाने मराठीत 'मिसळणे' आणि 'मिसळ'. मटकी, फरसाण, कांदा ज्या धातूने एका ताटलीत आणले, त्यानेच टाळ, पखवाज आणि गळा एका वायरीत आणला. जुन्या दप्तरातली 'मिसल' मात्र यात धरू नये. कागदांची ती चळत अरबीतून फारसीमार्गे आलेली, मूळ अर्थ 'सारखे', 'तसेच'. केवळ ध्वनिसाम्यावर नाते जुळवले तर असा चकवा लागतो.

वायरीच्या टोकाला आपण सर्रास 'पिन' म्हणतो, दुकानदार 'जॅक' म्हणतो. जॅक हे इंग्लंडातले जॉनचे लाडके नाव. ते इतके सर्वसामान्य झाले की कोणत्याही हरकाम्या पोऱ्याला आणि पुढे पोऱ्याचे काम करणाऱ्या अवजारालाही तेच लागले. गाडी उचलणारा जॅकही त्यातलाच. मिक्सरची ६.३५ मिलिमीटरची जाड पिन एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजच्या फळ्यांवरून आली आहे. जॉनचे पोर्तुगीज रूप 'जुआंव', आणि त्याच नावाच्या संताचा २४ जूनचा गोव्यातला सण म्हणजे सांजांव. फुलांचे मुकुट घालून विहिरीत उड्या मारणारी गोंयकार पोरे आणि मिक्सरच्या भोकात बसणारी पिन, दोघांचा नामदाता एकच.

आता 'लाइन'. माइकमधून निघणारा विद्युतसंकेत जेमतेम काही मिलिव्होल्टचा, मिक्सरच्या लाइनमधून निघणारा सुमारे एक व्होल्टचा, म्हणजे शेकडो पट दांडगा. तो माइकच्या नाजूक सॉकेटमध्ये घातला की लाटांचे माथे छाटले जातात. त्या दिवशी झाले ते हेच. पण लाइन म्हणजे मुळात काय? लॅटिन 'लीनुम' म्हणजे जवस. त्याच्या धाग्याचे कापड ते लिनन, आणि ताणून धरलेला धागा ती लाइन. आपल्याकडे तिच्या जोडीला 'तार' आहे. फारसी 'तार' म्हणजे धागा, मागावरचा ताणा. तो संस्कृत 'तन्त्र'चा भाऊबंद असावा, आणि 'तन्त्र'चा जुना अर्थही माग, ताणा असाच. 'तारस्वर' आणि 'तारसप्तक' यांतला तार वेगळा, संस्कृतातला, उंच स्वराचा. मराठीत दोघे एका रूपात येऊन भेटले आहेत. म्हणजे लाइन धागा, तार धागा, आणि ज्या तंत्रज्ञानाचा आपण एवढा गौरव करतो ते शब्दशः मागाचे ज्ञान.

'आवाज' फारसी, पण त्याच्या पोटात 'वाच्' बसलेला आहे. आपली 'वाचा' आणि इंग्रजी 'व्हॉइस' त्याचे नातलग. या वाचेला मराठीत दोन क्रिया लागतात. मुक्याला वाचा 'फुटते', रडणाऱ्याच्या तोंडून शब्द 'फुटत' नाही. हे 'स्फुट्'चे लेकरू, कोंब फुटावा तसे. भर्तृहरीच्या स्फोटवादातला 'स्फोट'ही याच धातूचा. दुसरी क्रिया 'फाटणे'. तिचे मूळ 'स्फट्'कडे जाते असे दिसते, आणि ती कापडाची, कागदाची. पहिलीने अर्थ बाहेर येतो, दुसरीने तो उसवतो.

लाटांचे माथे छाटले जाण्याला इंग्रजी तंत्रज्ञ 'क्लिपिंग' म्हणतात, म्हणजे कातरणे. त्यांच्या हाती कात्री, आमच्या मुलाच्या तोंडी फाटणे. दोघांनाही आवाज विणलेला दिसला. त्या मुलाने 'तन्त्र'चा कोश उघडला नव्हता. त्याने फक्त कान लावला, आणि भाषेने त्याच्या हातातल्या तारेला शोभेल असा शब्द त्याला दिला. त्या दिवशीचे ध्वनिमुद्रण मी अजून अधूनमधून ऐकतो. कुठेही विरलेले नाही.