वऱ्हाड : राजसत्ता आणि समाजजीवन

राजसत्तेचा अर्थव्यवहार, धर्म आणि संस्कृती यांवर होणारा परिणाम हा समाजेतिहासाचा एक प्रमुख विषय होय. १५५५ च्या आउग्सबुर्ग तहाने जर्मन संस्थानांत राज्यकर्त्याचा पंथ तोच प्रजेचा पंथ, हे तत्त्व मान्य झाले. ईजिप्तमध्ये मुहंमद अली याने १८२० नंतरच्या दशकात शासकीय मक्तेदारीखाली कापसाची लागवड वाढविली आणि तेथील शेतीचे स्वरूप पालटले. मात्र एखाद्या समाजातील बदल राजसत्तेमुळे किती व भूमी, हवामान, परंपरा इत्यादींमुळे किती, हे ठरविणे सामान्यतः अवघड असते. वऱ्हाडचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. एकच भाषा बोलणारा आणि बव्हंशी एकाच प्रकारच्या काळ्या जमिनीत राबणारा समाज येथे तहांनी आखलेल्या सीमांमुळे विभागला गेला. त्यामुळे सीमेच्या दोन्ही बाजूंची तुलना करता येते.

राजकीय पार्श्वभूमी : सध्याच्या अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा व यवतमाळ या जिल्ह्यांचा प्रदेश स्थूलमानाने वऱ्हाड म्हणून ओळखला जातो. अचलपूरच्या इमादशाहीनंतर (१५७४ मध्ये समाप्त) हा प्रदेश अहमदनगरची निजामशाही, मोगल व त्यानंतर हैदराबादचा निजाम यांच्याकडे गेला. अठराव्या शतकात नागपूरकर भोसले व निजाम या दोघांचाही येथे अंमल असे आणि रयतेला दोन धन्यांचा वसूल द्यावा लागे. १८०३ मध्ये अडगावची लढाई व गाविलगडचा पाडाव यांनंतर देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख सोडला आणि तो निजामास मिळाला. पुढे हैदराबादच्या तैनाती फौजेचा खर्च थकल्यामुळे २१ मे १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. त्याबरोबर दिलेले धाराशिव व रायचूर दुआब हे भाग १८६० मध्ये निजामास परत मिळाले. वऱ्हाड मात्र परत गेले नाही. फौजेच्या देण्याघेण्याचा हा व्यवहार होता व त्यात वऱ्हाडच्या रयतेचे मत कोणी विचारले नव्हते.

अर्थव्यवस्था : इंग्रजांनी येथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी पद्धत लागू केली. शेताची मोजणी होऊन सारा ठरला आणि जमीन कसणारा खातेदार थेट सरकारला बांधला गेला. वर्धा नदीपलीकडे नागपूर भागात मात्र मालगुजारी पद्धत दृढ झाली व गावाचा मालक म्हणून मालगुजारास मान्यता मिळाली. तेथील मालगुजारी स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये संपुष्टात आली. वऱ्हाडात खातेदार शेतकऱ्यांचा जो स्वतंत्र वर्ग दिसतो, त्याचे मूळ या भेदात आहे.

अमेरिकन यादवी युद्धामुळे (१८६१–६५) लँकशरच्या गिरण्यांना होणारा कापसाचा पुरवठा खंडित झाला आणि वऱ्हाडच्या कापसास मोठी मागणी आली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये वऱ्हाडातून नागपूरला पोहोचला. खामगाव शाखामार्गाचे उद्घाटन १८७० मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो याच्या हस्ते झाले. खामगाव, अकोला व अमरावती येथे सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले. कारंजा येथील कापूसबाजार १८८६ मध्ये नियमबद्ध करण्यात आला. भारतातील नियंत्रित बाजारपेठांचा हा आरंभ मानला जातो. १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. खातेदाराला जमीन विकण्याचा हक्क मिळाला, म्हणून ती गहाण टाकणेही शक्य झाले. सारा रोख भरावा लागे आणि कापसाचा भाव परदेशी बाजारात ठरे. त्यामुळे मंदी किंवा अवर्षण येताच शेतकरी सावकाराच्या दारी जाई. १८९९–१९०० च्या दुष्काळात ही दुर्बलता विशेष जाणवली. ज्या हक्काने शेतकरी स्वतंत्र झाला, त्याच हक्काच्या आधारे त्याची जमीन सावकाराकडे जाऊ शकत होती.

भाषा व शिक्षण : वऱ्हाडात शाळा व स्थानिक कारभार यांत मराठीला स्थान मिळाले. पैनगंगेपलीकडील मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिला. तेथे राज्यकारभाराची भाषा आधी फार्सी व नंतर उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. १८५३ पूर्वी एकाच राज्यात असलेल्या दोन मराठी प्रदेशांत असे अंतर पडले. अमरावतीस १८९७ मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. स्वागताध्यक्ष गणेश श्रीकृष्ण खापर्डे होते. १९१२ चे मराठी साहित्य संमेलन ह. ना. आपटे यांच्या अध्यक्षतेखाली अकोल्यास झाले.

धर्म : १८७० च्या वऱ्हाड गॅझेटिअरचा संपादक सर ॲल्फ्रेड लायल याने येथील देवस्थाने, समाध्या आणि देवत्व पावलेले पुरुष यांचे निरीक्षण करून भारतीय धर्म ही सतत घडत असलेली प्रक्रिया आहे, असे मत मांडले. इंग्रजी शासनाने धार्मिक व्यवहारांत हस्तक्षेप न करण्याचे धोरण पतकरले. परंतु या तटस्थतेमुळे मंदिरांतील प्रचलित अधिकार व बंधने तशीच राहिली. १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्य मानलेल्या समाजास प्रवेश मिळावा म्हणून चळवळ झाली. तीत पंजाबराव देशमुख अग्रभागी होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमरावतीस भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेचे अध्यक्षपद डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भूषविले. देशमुखांनी प्रांतिक मंत्री असताना देवस्थानांच्या संपत्तीविषयी विधेयक मांडले. त्यांच्याच कारकीर्दीत १९३३ मध्ये मध्य प्रांतात कर्जाच्या तडजोडीचा कायदा झाला. मंदिरप्रवेशाचा कायदा १९४७ मध्ये संमत झाला.

सर्वच परिवर्तन शासनाकडून आले, असे मात्र म्हणता येणार नाही. अमरावती जिल्ह्यात जन्मलेले गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांनी कीर्तनांतून स्वच्छता, शिक्षण व जातिभेदनिर्मूलन यांचा प्रचार केला. त्यामागे राजाश्रय नव्हता. तुकडोजी महाराजांना (१९०९–६८) १९४२ च्या आंदोलनात कारावास घडला. २००० नंतर महाराष्ट्र शासनाने ग्रामस्वच्छता अभियानास गाडगे महाराजांचे नाव दिले. लोकांनी घडविलेली परंपरा येथे राजसत्तेने स्वीकारली.

उत्तरकालीन घडामोडी : १९०२ च्या कराराने वऱ्हाड वार्षिक २५ लाख रुपये खंडाने कायमचे इंग्रजांकडे आले आणि १९०३ मध्ये ते मध्य प्रांतास जोडण्यात आले. वऱ्हाडचा महसूल इतरत्र खर्च होतो, ही तक्रार तेव्हापासून पुढील राजकारणात वारंवार उमटली. ८ ऑगस्ट १९४७ चा अकोला करार आणि १९५३ चा नागपूर करार यांमागे विकासातील न्याय्य वाट्याचीच चिंता होती. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९७२ मध्ये राज्याने कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. पुढे खाजगी व्यापाऱ्यांना मुभा मिळून ती मागे पडली. दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात प्रादेशिक अनुशेषाचे मोजमाप केले. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या वैधानिक विकास मंडळाची मुदत २०२० मध्ये संपली.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे केंद्र शासनाने २००६ मध्ये विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदतयोजना जाहीर केली. त्यांपैकी वर्धा वगळता उरलेले पाचही जिल्हे जुन्या वऱ्हाडातील होते. एकोणिसाव्या शतकात ज्या पिकाने या प्रदेशास समृद्धी दिली, त्याच पिकाशी हे संकट निगडित होते. जमिनीचा मालक कोण व शाळेची भाषा कोणती, हे वऱ्हाडात तहांनी आणि कायद्यांनी ठरविले. पिकाची जोखीम कोणी सोसावी, हा प्रश्न मात्र १८५३ नंतरच्या प्रत्येक राजवटीत बव्हंशी शेतकऱ्यावरच सोडला गेला.