मेथडिस्ट प्राथमिक शाळेतील धर्मशिक्षण : पालकांसाठी माहिती

बेळगाव परिसरातील मराठी घरांना मिशनची शाळा नवी नाही. आजोबा, वडील आणि आता नातवंडे अशा तीन-तीन पिढ्या तिथे शिकल्याची उदाहरणे आहेत. तरीही पहिलीतला मुलगा जेवायला बसल्यावर हात जोडून, डोळे मिटून शाळेत शिकवलेली प्रार्थना म्हणू लागला की घरात प्रश्न उभा राहतो. हे सक्तीचे आहे का? नको म्हटले तर मुलाच्या शिक्षणावर परिणाम होईल का? दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत सभासद आम्हाला हेच विचारतात. म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

मेथडिस्ट म्हणजे कोण?

अठराव्या शतकात जॉन आणि चार्ल्स वेस्ली या बंधूंनी इंग्लंडमध्ये ही चळवळ सुरू केली. ऑक्सफर्डमध्ये शिकत असताना त्यांच्या गटातील तरुण प्रार्थना, अभ्यास, कैद्यांच्या भेटी असे सारे ठरल्या वेळी, पद्धतशीरपणे करत. त्यावरून सोबती चेष्टेने त्यांना ‘मेथडिस्ट’ म्हणू लागले आणि तेच नाव कायम झाले. शिक्षणावर या पंथाचा भर पहिल्यापासून आहे. जॉन वेस्ली यांनी १७४८ मध्ये ब्रिस्टलजवळ किंग्जवुड येथे शाळा काढली. चार्ल्स यांनी हजारो भक्तिगीते लिहिली, त्यामुळे या पंथात गाण्याला मोठे स्थान आहे.

अमेरिकन मेथडिस्ट मिशनचे काम भारतात विल्यम बटलर यांनी १८५६ मध्ये सुरू केले. बेळगावात मिशनचे काम त्याआधीचे आहे. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर १८२० मध्ये येथे आले आणि पुढे १९०४ मध्ये हे काम मेथडिस्ट मिशनकडे सोपवण्यात आले. १९८१ पासून ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’ ही स्वायत्त संस्था आहे.

शाळेत नेमके काय असते?

‘धर्मशिक्षण’ या एका शब्दाखाली आपण तीन वेगळ्या गोष्टी घालतो. त्या वेगळ्या करून पाहिल्या की निम्मा गोंधळ संपतो.

पहिली गोष्ट परिपाठाच्या वेळची प्रार्थना आणि गीत. ही उपासना आहे.

दुसरी म्हणजे बायबलचा तास. प्राथमिक वर्गांत तो बहुधा गोष्टींचा असतो : नोहाचे तारू, दावीद आणि गल्याथ, येशूचा जन्म, हरवलेले मेंढरू, चांगला शोमरोनी. गोष्टी सोप्या असल्या तरी श्रद्धा रुजवणे हा हेतू असेल, तर हे धार्मिक शिक्षणच होय.

तिसरी म्हणजे मूल्यशिक्षण. खरे बोलणे, वाटून घेणे, आजाऱ्याची विचारपूस करणे यांचे हे धडे. वेगवेगळ्या धर्मांची ओळख करून देणेही याच्याजवळचे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात धर्मांविषयीची माहिती देणे आणि एखाद्या धर्माचे शिक्षण देणे यांत फरक केला आहे.

मराठी प्रार्थनेच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. मराठी ख्रिस्ती उपासनेत गायिली जाणारी अनेक गीते रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आहेत. त्यांची घडण अभंग-भजनांच्या वळणाची आहे. आजीला नातवाच्या गाण्याची चाल ओळखीची वाटली, तर त्यात नवल नाही.

कायदा काय सांगतो?

पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असे राज्यघटनेचे कलम २८ सांगते. मिशनच्या शाळा त्यात मोडत नाहीत. त्यांना असे शिक्षण देता येते. मात्र शाळा सरकारमान्य किंवा अनुदानित असेल, तर तेथील धार्मिक शिक्षणात भाग घेण्याची किंवा उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. त्यासाठी संमती लागते. मूल अज्ञान असेल तर ही संमती पालकाने द्यायची असते. विनाअनुदानित पण मान्यताप्राप्त शाळेलाही हा नियम लागू आहे.

म्हणजे शिकवण्याचा अधिकार शाळेचा, पण आपल्या मुलाने त्यात बसावे की नाही, हे ठरवायचे पालकांनी.

हेच कलम आपल्याही कामाचे

‘अशा शाळांत धर्माचे काही शिकवूच देऊ नये,’ असे काही सभासद म्हणतात. त्यांनी कलम ३० वाचावे. अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क ते देते, आणि हा हक्क धार्मिक व भाषिक अशा दोन्ही अल्पसंख्याकांना आहे. टी. एम. ए. पै खटल्यात (२००२) न्यायालयाने सांगितले की अल्पसंख्याक कोण, हे राज्यनिहाय ठरवायचे. कर्नाटकात आपण मराठी भाषिक अल्पसंख्याक आहोत. मेथडिस्ट शाळेच्या डोक्यावर जे छप्पर आहे, तेच आपल्या मराठी संस्थांच्या शाळांच्याही डोक्यावर आहे. शेजाऱ्याच्या बाजूचे वासे काढले तर गळती आपल्याकडेही लागेल.

पालकांनी काय करावे?

प्रवेश अर्ज पूर्ण वाचून मगच सही करावी. धार्मिक कार्यक्रमांना संमती असल्याचे वाक्य अर्जात छापलेले असू शकते. आयुष्य बँकेत गेल्याने असेल, पण न वाचता केलेली सही पुढे किती महागात पडते, हे आम्ही जवळून पाहिले आहे.

बायबलचा तास आठवड्यातून किती वेळा असतो, त्याचे गुण निकालात धरतात का आणि त्या वेळेत न बसणारी मुले काय करतात, हे मुख्याध्यापकांना विचारावे.

संमती द्यायची नसेल तर तसे साधे पत्र द्यावे, पोच घ्यावी आणि प्रत जपून ठेवावी. भाषा सौम्य असावी. हक्क मागताना भांडणाचा सूर लागण्याचे कारण नाही.

मुलाला मात्र या वादात ओढू नये. सारा वर्ग गात असताना एकट्याने बाहेर बसणे सहा वर्षांच्या मुलाला शिक्षेसारखे वाटू शकते. निर्णय कोणताही घेतला तरी त्याचे कारण त्याला समजेल अशा शब्दांत सांगावे. शाळेत ऐकलेली गोष्ट त्याने घरी सांगितली तर ती ऐकून घ्यावी आणि रात्री आपल्याकडची एक गोष्ट त्याला सांगावी. घरातले संस्कार घरीच करायचे असतात. ते काम कोणतीच शाळा आपल्यासाठी करणार नाही.