कपाटामागची काळी भिंत

आजचा भाग एका वासापासून सुरू होतो.

मी कोरेगावात भाड्याने राहतो. हे सातारा जिल्ह्यातलं कोरेगाव बरं का, १८१८ च्या लढाईचं भीमा कोरेगाव वेगळं. गेल्या श्रावणात खोलीत कुबट वास यायला लागला. कपाट पुढे ओढलं, तर मागची भिंत गुडघ्यापर्यंत काळी. ऑइलपेंटचे पोपडे सुटलेले. मालकांना फोन केला. ते म्हणाले, "खिडक्या उघड्या ठेवत जा की! आधीच्या भाडेकरूंची कधी तक्रार नव्हती."

म्हणजे चूक माझी? रात्री खोकत पडलो की हाच प्रश्न डोक्यात यायचा. शेजारच्या आजींना विचारलं, तर त्या हसल्या. "आरं, आमच्या टायमाला दरसाल चुना मारायचो. पाऊस सरला की, दसऱ्याच्या आत."

आजींच्या बोलण्यात बराच इतिहास आहे. आपल्याकडची जुनी घरं दगड, माती आणि चुन्याची. दिव्याची वात तेल ओढते तशी भिंत जमिनीतलं पाणी वर ओढते. महाबळेश्वरएवढा पाऊस कोरेगावात पडत नाही, तरी ओल येते ती यामुळे. पण माती आणि चुना हे पाणी हवेत सोडून देतात. शिवाय ताजा चुना इतका तीव्र अल्कधर्मी असतो की त्यावर बुरशी सहसा धरत नाही. म्हणजे दसऱ्याची सफेदी नुसती शोभेसाठी नव्हती.

याच चुन्याची एक कडू आठवणही आहे. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, पुढे पुणे-साताऱ्याकडेही पसरला. कोंदट, ओलसर घरांमुळे रोग होतो असं तेव्हा अनेक अधिकारी मानायचे. सरकारी माणसं घरात शिरून सामान बाहेर काढायची, भिंतींना चुना फासायची. १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्त्या पाडल्या गेल्या. त्याच वर्षी पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिलं की प्लेग उंदरांवरच्या पिसवा पसरवतात. पण घर गेलं ते भाडेकरूचंच.

मग सिमेंट आलं. पोरबंदरच्या कारखान्यात १९१४ मध्ये उत्पादन सुरू झालं. पुढे अनेक वर्षं सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. ते १९८२ मध्ये थोडं सैल झालं आणि १९८९ मध्ये पूर्ण उठलं. सिमेंट सहज मिळू लागलं, तसा मातीच्या भिंतींवर त्याचा गिलावा आणि वरून ऑइलपेंट चढला. जोत्यावर ओल अडवणारा थर, मिस्त्री ज्याला डीपीसी म्हणतात, तो जुन्या घरात नसतोच. आत आलेलं पाणी कोंडतं आणि पोपडे काढून बाहेर येतं. तिथे खिडकी उघडून किती फरक पडणार?

आता मुद्द्याचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम १४ सांगतं की करारात उलट काही ठरलेलं नसेल, तर दुरुस्ती घरमालकाने करायची. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने केली नाही, तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. वर्षाला भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. पण हा कायदा ठरावीक गावांनाच लागू आहे, आणि आपला ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार असेल तर हे कलम सहसा कामाला येत नाही. म्हणून सही करण्याआधी ओलीची दुरुस्ती कोण करणार, हे करारातच लिहून घ्या. भिंतींचे तारखेसकट फोटोही काढून ठेवा.

माझं काय झालं? फोटो पाठवल्यावर मालक स्वतः आले. बाहेर पाहिलं, तर पन्हळीचं पाणी थेट भिंतीच्या बुडाशी पडत होतं. ते काही वेळ गप्प उभे राहिले, मग म्हणाले, "हे माझंच काम." पन्हळ वळवून झाली. सिमेंटचा गिलावा काढून चुना लावायचं दसऱ्याच्या आत ठरलंय. आजी लक्ष ठेवून आहेत.

तुमच्या कपाटामागे काय आहे, एकदा बघा. आणि आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!