मुल्हेरी मूठ, फिरंगी पाते

जुन्या शस्त्रांविषयी आपल्याकडे जेवढे बोलले जाते, त्या मानाने ती पाहिली फार थोडी जातात. तलवार दिसली की पहिला प्रश्न येतो, ‘कोणाची?’ ती कुठली, केव्हाची आणि कशी घडली, हे प्रश्न मागाहून येतात. पुष्कळदा येतच नाहीत. साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रकार अपरिचित नाही. अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ दिसले की तो तुकोबांचाच, असे मानून थांबणारे वाचक आपण पाहतोच. नाममुद्रा हा पुरावा असतो, पण ती निकाल नसते. शस्त्रांच्या बाबतीतही हेच खरे आहे, आणि ते समजून घेण्यासाठी आम्हां नाशिककरांना फार दूर जावे लागत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या एका लिलावात महाराष्ट्र शासनाने नागपूरकर रघूजी भोसले यांच्या नावाची तलवार सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. तिच्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघूजींचे नाव, ‘सेनासाहेब सुभा’ हा किताब आणि ‘फिरंग’ हा शब्द आहे. पाते सरळ, एकधारी आणि युरोपात घडलेले. मूठ मात्र देशी, सोन्याच्या नक्षीची. या मुठीच्या आकाराला जाणकार ‘मुल्हेरी घाट’ म्हणतात. वृत्तपत्रांतून हा शब्द येऊन गेला. पण हे मुल्हेर आपल्याच जिल्ह्यात, बागलाणात आहे, हे किती वाचकांच्या ध्यानात आले असेल?

मुल्हेर ही बागुल राजांची राजधानी. तेथेच, मयूरगिरी या तिच्या संस्कृत नावाच्या छायेत, रुद्रकवीने १५९६ साली ‘राष्ट्रौढवंश’ महाकाव्य रचले. १६३८ मध्ये बागलाण मोगलांकडे गेले; पुढे मराठे आले. सुरत-बऱ्हाणपूरच्या वाटेवरच्या या प्रदेशात व्यापारी, फौजा आणि कारागीर यांची ये-जा असणे साहजिकच होते. अशा गावाचे नाव मुठीच्या एका घाटाला मिळावे, यात नवल नाही. मात्र ‘मुल्हेरी’ म्हटलेली प्रत्येक मूठ मुल्हेरातच घडली, असा त्याचा अर्थ होत नाही. पैठणी म्हणून विकली जाणारी प्रत्येक साडी पैठणातच विणलेली असते काय? नाव प्रथम स्थळाचे असते, मग ते घडणीचे होते.

तेव्हा एकाच वस्तूत तीन ठिकाणे आणि निदान तीन हात दिसतात: पाते घडवणारा परदेशी लोहार, मूठ बसवणारा देशी कारागीर आणि नाव कोरवून घेणारा सरदार. आपल्याकडे मुठीत पाते लाख किंवा राळ ओतून पक्के करीत. ती तापवली की पाते सुटते. म्हणून जुन्या पात्यावर नवी मूठ किंवा उलट, हे सर्रास घडे. पोथीचे मूळ एका हातचे, समासातील टिपा दुसऱ्याच्या, पुष्पिका तिसऱ्याची, अशीच ही गत. पात्यावरच्या खुणांचेही तसेच. इटलीतील जेनोव्हाच्या विळ्यासारख्या खुणा नावाजलेल्या होत्या, म्हणूनच इथल्या कारागिरांनीही त्या आपल्या पात्यांवर उठवल्या. खूण दिसली म्हणून पाते परदेशी ठरत नाही. पोलाद, पन्हळ, जाडी, वजन आणि तोल हे सारे एकत्र वाचावे लागते.

काही वर्षांपूर्वी सटाण्याकडील एका घरी आम्हांस अशीच एक तलवार दाखवण्यात आली. घरातील वृद्ध गृहस्थ म्हणाले, “सर, ही साल्हेरच्या लढाईतली. आमचे पूर्वज मोरोपंतांच्या फौजेत होते. तेवढे लिहून द्या.” साल्हेरची लढाई १६७२ ची. पाते जुने असावे. पण वाटीसारखी मूठ आणि तिच्यावरची नक्षी बरीच अलीकडची दिसत होती. दर खंडेनवमीला राख आणि चिंच लावून घासल्याने पात्यावरच्या खुणा जवळजवळ पुसल्या होत्या. ज्या श्रद्धेने ती तलवार टिकवली, तिनेच तिचा पुरावा झिजवला होता. साल्हेरचे नाव लागले तर कोणी गिऱ्हाईक दुप्पट किंमत देणार होते, हे नंतर कळले. आम्ही लिहून दिले ते एवढेच: पाते मुठीहून जुने, लढाईविषयी पुरावा नाही. गृहस्थ नाराज झाले. पण निघताना म्हणाले, “मग ती घरातच राहू द्या.”

या नाराजीचा विचार आम्ही पुष्कळ केला. १८५७ नंतरचे निःशस्त्रीकरण आणि १८७८ चा शस्त्र कायदा यांनी घराघरांतील शस्त्रे नजरेआड गेली. वस्तू आणि तिची हकीकत यांची ताटातूट तेथे सुरू झाली. उरली ती आठवण. आठवण खोटी नसते, पण ती स्वतःच एक संहिता असते, आणि तिचीही चिकित्सा करावी लागते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी उसनी आणलेली वाघनखे पाहा. पेटीवरील मजकूर ती शिवाजी महाराजांची असल्याचे सांगतो. संग्रहालय मात्र ते सिद्ध करता येत नाही असे म्हणते. अशा कबुलीने वस्तूचे मोल घटत नाही, उलट तिच्याविषयी जे सांगितले जाते त्यावरचा विश्वास वाढतो.

शिवकाळात सिद्ध झालेल्या ‘राजव्यवहारकोशा’त शस्त्रांसाठी स्वतंत्र वर्ग आहे. वस्तूला नेमके नाव असावे, ही दक्षता आपल्याच परंपरेतली आहे. रघूजींच्या तलवारीवर ‘फिरंग’ हा शब्द अभिमानाने कोरला गेला. पाते परके आहे हे लपवावेसे त्यांना वाटले नाही. आपण मात्र तिला सर्वस्वी स्वदेशी ठरवू पाहतो. पूर्वजांना जे सांगायला संकोच वाटला नाही, ते वाचायला आपल्याला का वाटावा?