ठिपक्यांची तसबीर

वऱ्हाडातल्या बाळापुरात मराठी घरात म्हणतात तसबीर, शेजारच्या उर्दू घरात तस्वीर. शब्द एकच, अरबी. मूळ अर्थ घडवणं, आकार देणं. चितारी तो ‘मुसव्विर’, त्याच धातूतून निघालेला. मराठीत रुळता रुळता त्याला चौकट आणि काच लागली आणि भिंतीवर टांगलेलं चित्र म्हणजे तसबीर झाली.

ती सामान्य घरांत पोचवली छापखान्यांनी. पुण्यात 1878 साली चित्रशाळा निघाली, मुंबईत 1894 साली रविवर्म्यांचा छापखाना. प्रत्येक रंगाला वेगळी दगडी शिळा, आणि तिच्यावर कारागिराने हाताने मांडलेले ठिपके. लहानपणी आमच्या माजघरातल्या लक्ष्मीला मी भिंग लावलं होतं. गाल गायबच! गुलाबी, पिवळे, तपकिरी ठिपके तेवढे उरले. भिंग बाजूला केलं तर गाल पुन्हा जागच्या जागी.

रविवर्मा छापखाना निघण्याच्या थोडं आधी पॅरिसमध्ये चित्रकार जॉर्ज सरा आणि पॉल सिन्याक कॅनव्हासवर हेच करत होते. सराचं सेन नदीच्या बेटावरच्या बागेचं थोरलं चित्र 1884 ते 1886 या काळातलं. ठिपक्यांच्या या पंथाला 1886 साली समीक्षक फेनेआँ यांनी नव-दृक्प्रत्ययवादाचं नाव दिलं. त्यामागचा विचार मात्र विणकामातून आला होता. गोबलँच्या भिंतपडद्यांच्या कारखान्यात काळा रंग फिका दिसतो अशी तक्रार होती. तिथले रंगप्रमुख, रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल यांना कळलं, की दोष रंगात नाही, शेजारच्या धाग्यात आहे. त्यांचा ग्रंथ 1839 चा. बाळापूर-अकोटची सतरंजी पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. निळ्याशेजारचा लाल आणि पांढऱ्याशेजारचा लाल एकसारखे दिसतच नाहीत.

सराची ती बाग आज घरच्या भिंतीवर लावायची तर छापील प्रत नीट पारखून घ्यावी. हल्लीचं यंत्रही शाईचे बारीक थेंबच फवारतं. फवारणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून अशा छपाईला 1991 च्या सुमारास ‘जिक्ले’ नाव पडलं. म्हणजे चित्रकाराच्या ठिपक्यावर यंत्राचा ठिपका. मूळ छायाचित्रच ढोबळ असेल तर दोन्ही कालवले जातात आणि हिरवळीचा चिखल होतो. म्हणून भिंग लावून बघावं: चित्रकाराचा प्रत्येक ठिपका कडेसकट सुटा दिसला पाहिजे. शाई रंगद्रव्याची हवी. कागद आम्लमुक्त आणि सुती हवा, लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद पिवळा पडतो. कापसाच्या मुलखात तरी सुती कागदाचा आग्रह धरावाच. आणि पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत टाळावी. वऱ्हाडातलं मे महिन्याचं ऊन कुठल्याही शाईला सोसवत नाही.